एकशे चार, एकशे बारा

मशीन बिघडलेलं नाहीये हो ताई, उगाच त्याला दोष देऊ नका – आणि मला समजावू तर मुळीच नका, सकाळपासून समजावूनच घेतेय मी. घरी यांची साखर एकशे बारा आणि इथे तीनशे चाळीस कशी? तुम्ही विचारताय, मघाशी ती रक्त काढणारी विचारत होती, त्याआधी पायाचे डॉक्टर. मलाच विचारा सगळे! दीड वर्ष हेच चाललंय – साखरेच्या डॉक्टरांचा कागद डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, डोळ्यांचा किडनीवाल्यांकडे, एक म्हणणार भरपूर पाणी प्या, दुसरे म्हणणार मोजून प्या, आणि दर दारात मी पहिल्यापासून पाढा वाचायचा. तुम्ही आलात तेव्हा वाटलं, सुटले. सगळ्यांची मिळून एक फाइल, विचारायला एक माणूस. खरंच वाटलं हो. आणि वर ते साखर मोजायचं मशीन दिलंत, आकडे लक्षात ठेवणारं. आता वहीत काहीबाही खरडता येणार नाही, म्हणालात – हसून म्हणालात.

पण बोट कुणाचं, ते कुठे लक्षात ठेवतंय?

नाही, काही नाही. लिहू नका. पेन ठेवा आधी.

आमचे हे शिंपी, माहितीय ना तुम्हाला. चाळीस वर्षं सुया टोचून घेतल्या, पण तुमची ही एवढीशी सुई नको! का? तर बोटातून टिपूस येतं आणि पांढऱ्या कापडाला डाग पडतो. इन्सुलिन पोटात घेतात ते चालतं, पोटाने शिवत नाहीत ना! पहिला आठवडा मी हातापाया पडले, भांडले, अबोला धरला – माणूस आपला खुशाल पायडल मारतोय, अनवाणी. आणि दर सोमवारी तुमचा फोन. काय सांगू? म्हटलं, एक दिवस आपलंच बोट... एकच दिवस, बरं का. एकशे चार आलं. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? 'वा काकू, कमाल केलीत!' दीड वर्षात मला कुणी वा म्हटलं नव्हतं हो.

मग रोजच. दोन महिने. सगळे डॉक्टर पहिल्यांदा एकमताने खूश झाले – कुणाच्या रक्तावर? माझ्या! त्या आकड्यांवर यांचं इन्सुलिन निम्मं केलं, तरी माझं तोंड उघडलं नाही. म्हटलं, तेवढंच टोचणं कमी, यांनाही बरं... काय बरं? कपाळ माझं! खाली पडलेली टाचणी पायाच्या अंगठ्यात रुतली, पाय बधिर, तीन दिवस पत्ता नाही. चादरीवर डाग दिसला तेव्हा मला कळलं. यांना तेव्हाही नाहीच.

ही बघा माझी बोटं. बघा ना! आता आत सगळे ती फाइल घेऊन बसलेत, अंगठा ठेवायचा की काढायचा ते ठरवायला. 'साखर तर आटोक्यात होती,' पायाचे डॉक्टर म्हणत होते – मी तिथेच उभी. होती आटोक्यात. माझी होती. माझ्याने ते दार उघडवत नाहीये हो... आता पेन कशाला उचलताय? रागवायचं ते नंतर रागवा. उठा ताई, आधी आत जा!