तुडुमावरचा डबा

गुणवंतराव : म्हणजे इंटरनेटवरचं हे पान कोणालाही दिसतं?

रोशनी : कोणालेही. काल सोसायटीच्या सोनूनं सिंदेवाहीच्या कॅफेतून पाह्यलं.

गुणवंतराव : हे बघ रोशनी, मी पाटबंधारे ऑफिसकडून भांडायला आलो नाही. तलावाच्या तुडुमावर, पाणी सोडायच्या दारावर, तू डबा बसवलास, पाणी किती आहे ते तो सांगतो, उत्तम. फक्त पानाला पासवर्ड लाव आणि तो आमच्या ऑफिसला दे. उद्या सोसायटीच्या तक्रारीची सुनावणी आहे.

डोमा : आन् आमाले?

गुणवंतराव : डोमाभाऊ, तुम्ही मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष. अर्ज केलात की आकडा मिळेल.

डोमा : आपल्याच तलावाचं पाणी पाहाले अर्ज.

रोशनी : पासवर्ड लागत नाई त्याले, साहेब.

गुणवंतराव : लागत नाही, की लावायचा नाही?

रोशनी : दोन्ही. डब्यात जागा चार एमबी. पान दाखवणारा प्रोग्राम, वेब सर्व्हर, मी दोन महिने बांधून राह्यली होती. पहिल्यांदा घरच्या कॉम्प्युटरसाठी बांधला, डब्यावर चाललाच नाई. मंग डब्यासाठी बांधाले बसली, तं तो एक लायब्ररी, म्हंजे दुसऱ्यानं लिहिलेला तयार प्रोग्राम, मागे. ते आणली, तं ते आणखी दुसरी मागे.

डोमा : लग्नाच्या पाव्हण्यावानी. एकाले बोलावलं का संगं तीन.

रोशनी : तसंच, काकाजी. मंग एकेक काढत गेली. रंग काढले, चित्रं काढली. पासवर्डवाली सगळ्यात मोठी होती, तेही काढली.

गुणवंतराव : मग पुन्हा घाल. जागा होईल.

रोशनी : होईन. पाण्याची मागची नोंद पुसली तं होईन.



गुणवंतराव : पूस मग. जुन्या आकड्यांचं काय करायचं आहे?

डोमा : त्यात मंगळवार आहे, साहेब.

रोशनी : हरिदासच्या लग्नाले सारा गाव मोहर्लीले गेला, तो मंगळवार. दुपारी बारा वाजता सहा फूट पाणी, पाच वाजता दोन. तुडुम कोणं खोललं ते डबा सांगत नाई. कवा खोललं ते सांगते.

डोमा : बोटुकली सोडून तीन हप्ते झाले होते. बोटाएवढाली मासोळी, सारी नाल्यात वाहून गेली. साल गेलं आमचं. आन् तुमच्या कागदावर त्या दिवशी तुडुम बंद.

गुणवंतराव : पासवर्ड सुरक्षेसाठी असतो. उद्या कोणी आकडा बदलला तर?

रोशनी : पानावरून बदलताच येत नाई. ते सोय मी बांधलीच नाई.

गुणवंतराव : डबा तुमचा असेल, तुडुम सरकारी आहे. सकाळी आमचा माणूस येऊन काढून नेईल.

रोशनी : नेऊ द्या. सोनूनं नोंद छापून आणली काल. आन् प्रोग्राम कसा बांधला, काय काढलं, काय ठेवलं, सारं वहीत आहे. दुसरा डबा बांधाले दोन महिने नाई लागणार.

डोमा : पह्यले पाणी मोजाले मी खाचा पाडून बांबू रोवत होतो. तुमचं ऑफिस म्हणे, धीवराची खाच पुरावा नाई. म्हणून पोरीनं हे केलं. आता हेही नाई चालत.

गुणवंतराव : मी तुमच्या भल्याचंच सांगतो आहे.

डोमा : साहेब, आमी मासे घरात नाई तोलत. तलावाच्या पाळीवर, बांधावर, काटा टांगतो, सगळ्याईच्या समोर. माझा बापही तसाच तोलत होता. पाणीही तसंच मोजू. रोशनी, पानाचा पत्ता लिहून दे साहेबाले.

रोशनी : हे घ्या, साहेब. अर्ज कराची गरज नाई.