दोन बोटांचा सुखतळा

आई : बाबा, खरं सांगा. चिमणीच्या नव्या बुटांत काय घातलंत?

आजोबा : बुटांत पाय घालतात. दुसरं काय घालणार?

आई : थट्टा नको. सकाळी उचलले तर जड लागले. गेल्या महिन्यात उंची कमी म्हणून या रोलर कोस्टरच्या फाटकातून पाच मिनिटांत रडत बाहेर आली होती. आज अर्धा तास झाला, अजून आत आहे. महिन्यात एवढी वाढली?

आजोबा : आतल्या सुखतळ्याखाली कातड्याचे थर दिलेत. दोन बोटं, बस्स. चाळीस वर्षं बूट शिवतोय, बाहेरून कुणी ओळखलं तर नाव बदलीन.

आई : अहो बाबा! फाटकावर ती उंची मोजायची पट्टी काय शोभेला लावलीय? बसल्यावर छातीवर दांडा येतो, तो लहान पोरांना घट्ट धरत नाही!

आजोबा : मला वाटलं, उगीच अडवणूक करतात. वर्गातली सगळी पोरं रोलर कोस्टरमध्ये बसून आली, हिला 'बुटकी' म्हणतात. मागच्या आठवड्यात माझ्या दुकानात खिळ्यांच्या डब्याशी नुसती बसून होती. माझा जीव तुटला गं.

आई : निघाले! त्या खोट्या डोंगरामागून डबे वर निघाले!

आजोबा : तिची लाल टोपी दिसते का? माझे डोळे पोचत नाहीत.

आई : पुढच्या डब्यात लाल आहे काहीतरी. चला, थांबवायला सांगू.

आजोबा : मी केलंय, मीच सांगतो.

(दोघं धावत फाटकाशी जातात. वर डबे चढाच्या टोकाला पोचलेले.)

आजोबा : दादा, थांबवा ती गाडी! माझी नात आहे वर. उंचीला कमी आहे, मी बुटांत थर दिलेत. फसवलंय मी तुम्हाला. पोरीचा दोष नाही.

फाटकवाला : आजोबा, टोकाला गेलेली गाडी आता थांबत नाही. कोण पोरगी?

आई : लाल टोपी, दोन वेण्या, पुढचा दात पडलाय!

फाटकवाला : ती होय! ताई, आधी श्वास घ्या. ती गाडीत नाही.

आई : नाही?

फाटकवाला : पट्टीला बरोबर भरली होती. मी जा म्हणालो. तीच मागे फिरली, बूट काढले आणि म्हणाली, "काका, आता मोजा." दोन-तीन बोटं कमी. तिकडे आतल्या बाकावर बसवलीय.

आजोबा : मग बाहेर का नाही आली?

फाटकवाला : गाडी खाली आली की जाते म्हणाली. वर म्हणते, "मी बसले नाही हे आजोबांना सांगू नका, चार दिवस खपून बूट केलेत त्यांनी."

आई : बाबा, डोळे पुसा. येतेय ती.

चिमणी : आजोबा! बसून आले मी!

आजोबा : अरे वा. भीती वाटली?

चिमणी : थोडीशी. तुम्हाला?

आजोबा : मला फार वाटली. बूट चावतायत का?

चिमणी : नाही. म्हणजे, टाचेला थोडे.

आजोबा : काढ मग. घरी नीट करून देतो.

चिमणी : आणि चालू कशी?

आजोबा : पाठीवर ये माझ्या. इथं मोजत नाहीत.