पहिल्या नंबराची आत्या

हॅलो? … हॅलो, आत्या? … हो, मीच. मीच मिस्ड कॉल देत होते. कुठे होतीस तू? … आंघोळ? भर दुपारी? … बरं बाई, नव्या घरात गरम पाणी कधीही येतं, कळलं. ऐक ना आता…

अगं, हळू बोलतेय कारण मी कॉरिडॉरमध्ये आहे. … नाही, हॉस्पिटलच्या नाही! कुणाला काही झालेलं नाही. … बाबा ठणठणीत आहेत. … आईपण. … आत्या, सगळे जिवंत आहेत, मला बोलू दे!

मी परीक्षक आहे ना, त्या फोटोंच्या स्पर्धेला… हो, तीच. … नाही गं, लग्नाचे नसतात त्यात. बातमीचे. वर्तमानपत्रांत छापून येतात ते. … आम्ही तिघं आहोत. मुख्य परीक्षक, त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात. एक प्राध्यापक. आणि तिसरी मी, पहिल्यांदाच. आत्ता चहाची सुट्टी आहे, सर आत बिस्किटं बुडवतायत, तेवढ्यात मी सटकलेय.

तर शेवटी दोन फोटो उरलेत. त्यातला एक पहिला येणार, जवळजवळ ठरलंच आहे. आणि आत्या… बसलीस का? … बस आधी. … त्या फोटोत तू आहेस.

हॅलो? … हॅलो?

अगं किंचाळतेस काय! कान गेला माझा. … हो, तूच. … कशावरून म्हणजे? तो हिरवा स्वेटर, कोपराला ठिगळ लावलेला, जगात आणखी कुणी घालेल का? … नाही, चेहरा दिसत नाही. … केस? केसांचं घरटं झालंय, खरं सांगू तर. … पोट नाही दिसत, वाकली आहेस ना तू!

सांगते, सांगते. भिंतभर मोठा करून लावलाय. मागे तुमचं जुनं घर, अर्धं पाडलेलं. ते पिवळं मशीन सोंड वर करून उभं. धुळीचा हा लोट. आणि पुढे तू, कमरेत वाकलेली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. … हो ना? आठवला ना तो दिवस?

आता मजा ऐक. सरांचे डोळे पाणावले. म्हणाले, इतकं खोल दुःख मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. प्राध्यापक म्हणाले, ही एक बाई नाही, हा अख्खा काळ उन्मळून पडलाय. … हो, तुलाच म्हणाले. काळ. … मी? मी मान खाली घालून ओठ चावत बसले होते. कारण तू अशी कधी वाकतेस ते मला माहितीये! बाबांच्या सत्कारात माइक बंद पडला आणि ते तसेच तावातावाने बोलत राहिले, तेव्हा वाकली होतीस. माझ्या शाळेच्या नाटकात मी झाड झाले होते आणि झाडाला शिंक आली, तेव्हा वाकली होतीस. रडताना तू वाकत नाहीस, आत्या. रडू आलं की तू कपाट आवरायला घेतेस.

तेव्हा खरं सांग. रडत होतीस की हसत होतीस?

… हसू नकोस, उत्तर दे! … अगं पण घर पडत होतं तुमचं! रस्ता रुंद करायला घर गेलं म्हणून बाबांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि तू…

काय? … सावकाश. … कसली खिडकी? … हो, स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, मला माहीत नाही का? तिथे दिवसासुद्धा दिवा लावायला लागायचा. … हो, आणि काका म्हणायचे, पुढच्या वर्षी. … दर वर्षी पुढच्या वर्षी. … अख्खा संसार झाला. … बरं. … मग मशीन आलं. … स्वयंपाकघरावर पहिलाच दणका… कुठे? … ओट्याच्या वर? … म्हणजे तू भिंतीवर खडूने चौकोन काढून ठेवला होतास, तिथेच? … बरोब्बर तिथेच?

… आणि भोक पडलं आणि उजेड आला. … आणि तू काकांना काय म्हणालीस?

"अहो, आलं बघा तुमचं पुढचं वर्ष!"

अगं आई गं… थांब, मला भिंतीला टेकू दे. पोटात दुखतंय. … "आलं बघा तुमचं"… आत्या, बास, परीक्षक आहे गं मी, मला असं खिंकाळता येत नाही इथे! … शिपाई बघतायत. … काही नाही हो काका, घरचा फोन आहे. … तुला नाही, शिपाईकाकांना म्हटलं.

आपले काका कुठेत? … अजून रुसलेत? त्यावरून? … समोरच बसलेत? मग हळू बोल ना जरा! … मुद्दाम मोठ्याने बोलतेयस? धन्य आहे तुझी.

हं. आता गंभीर. हा फोटो काढला कुणी… नाही! नाव सांगू नकोस! नाव घेऊ नकोस, मी कान झाकलेत! … आम्हाला नावं कळता कामा नयेत गं, नियम आहे. … चष्मेवाली? बरं, चष्मेवाली म्हण. एवढं चालेल.

तर त्या चष्मेवालीवर मी दातओठ खाऊन आहे. हसणाऱ्या बाईला रडकी करून स्पर्धेत धाडते म्हणजे काय! तिला आत्ता बाद करून टाकते बघ. … थांब, विचारायचं ते विचारू दे. ती तुला म्हणाली का, आजी, जरा तोंड झाका? … नाही? … जरा इकडे सरका? … नाही? … पुन्हा एकदा करा, असं? … काय? तूच म्हणालीस? "केस विंचरून येते, मग पुन्हा हसते"? … आणि ती? … "नको, झालं ते झालं." … असं म्हणाली? … शाबास! नाही गं, तुला नाही, तिला शाबास.

मग तिने विचारलं नाही, का हसताय म्हणून? … विचारलं? … खिडकीचं सगळं सांगितलंस? … लिहून घेतलं? … आणि तुला वाचून दाखवलं? … काकांना म्हणालीस ते वाक्यसुद्धा?

अरे देवा.

… नाही, काही नाही. म्हणजे तिने खरं तेच लिहून पाठवलंय. … अगं, आम्ही वाचलेलं नाही! फोटोखालच्या ओळी संयोजकबाई आमच्यापासून झाकून ठेवतात. म्हणजे आम्ही नुसता फोटो बघायचा, गुण द्यायचे, मग कुणी मागितल्याच तर ओळी उघडायच्या. … कुणी केला काय विचारतेस, आम्हीच केलाय नियम! … पाडलेलं घर दिसलं, म्हातारी बाई दिसली, की झालं, आम्ही गळे काढले. तिची काही लबाडी नाही. अक्कल आमचीच चरायला गेली होती. मला लाज वाटतेय, आत्या. खरंच वाटतेय.

… सांगू? अगं, सांगितलं तर घोळ होईल ना! सकाळी एक फोटो आला होता. कारखाना बंद पडलाय आणि कामगार फाटकाबाहेर बसून कशावर तरी लोटपोट हसतायत. इतका छान! सर म्हणाले, हलकाफुलका आहे, पुढे. बाद. मीपण गप्प बसले. … हो ना, इथे रडण्याला वजन आहे. तू हसतेयस कळलं तर त्या पोरीचा पहिला नंबर गेलाच समज. … तिचं पहिलंच वर्ष आहे? नोकरीवर कायम व्हायचीये? … मला हे नको होतंस गं सांगायला.

आणि नाही सांगितलं तर ओळी छापतील पुस्तिकेत, मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि फोटो लागेल सभागृहाच्या दारात, मोठ्ठा. सरांनी नावसुद्धा ठेवलंय. 'मूक आक्रोश'. … आक्रोश. … हो, तुझा. … हसतेस काय!

… आत्या? … काय म्हणालीस?

… तुला तो आक्रोश नको? … पण त्या पोरीचं बक्षीस… हो. … हो, ते खरंय. … "जन्मभर वाट बघून एकदा पोटभर हसले, तेही तुम्ही माझं राहू देऊ नका." … असं नको ना बोलूस. … नाही, बरोबर बोललीस. अगदी बरोबर बोललीस.

नाही, रडत नाहीये मी. … नाक पुसतेय.

ऐक. मी आत जाते आणि सांगते. आणि एक आहे, तू माझी आत्या आहेस म्हटल्यावर मला उठावंच लागेल. फोटोत नात्यातलं माणूस असलं की मत द्यायचं नसतं. खरं तर ओळखल्याबरोबर उठायचं होतं, आणि मी तुला फोन करत बसले. … म्हणजे पहिला नंबर द्यायचा की नाही, ते दोघंच ठरवणार. मला काही करता येणार नाही. … भीती? वाटतेय की! … फोन ठेवू नकोस. हातात धरून जातेय. … काकांना म्हणावं, टीव्ही बंद करा.

सर… एक मिनिट, सर. … घ्या ना, चहा घ्या, गार होईल. … सर, ती फोटोतली बाई माझी आत्या आहे. … सख्खी. … हो, आधीच सांगायला हवं होतं. चुकलंच माझं. माझे गुण खोडा, मी बाहेर जाते. … जातेच आहे. फक्त जाण्याआधी ओळी उघडा, सर. … तुमचे गुण देऊन झालेत ना? तुमचेही, प्राध्यापक? … मग झालं तर. … संयोजकबाई, उघडा हो.

… वाचा ना मोठ्याने.

… आत्या, वाचतायत. श्श.

… हो, सर. खिडकी. … नाही, रडत नाहीये ती. … हसतेय. … चांगली पोट धरून. … फसवलं? कुणी, सर? त्या पोरीने तर ओळीत लिहिलंय. … प्राध्यापक, तुम्ही हसताय का? … नाही, हसा ना. … सर, फोटो बदललेला नाही. मघाशी तुम्ही दहापैकी दहा दिलेत, तोच आहे. बघा ना परत. आता ते भिंतीतलं भोक बघा. तो उजेड बघा. मघाशी आपण कुणीच तिकडे बघितलं नव्हतं.

… काय? … खात्री करायचीये? … जरूर करा. लाइनवरच आहे ती.

आत्या, सर बोलतायत तुझ्याशी. … घाबरायचं काय त्यात! खिडकीचं सांग, सगळं सांग. फक्त त्या पोरीचं नाव घेऊ नकोस, तुला माझी शपथ. आणि हसू आलं तर दाबू नकोस हं. ऐकू दे त्यांना.

घ्या, सर. मी बाहेर थांबते.