वर्गाकडे तोंड करून

…आणि वर मलाच विचारतात, 'बाई, आता आणखी काय कमी राहिले?' म्हणून आधीच स्पष्ट सांगते, शहाद्याच्या त्या महाविद्यालयातील कार्यशाळेची प्रमुख मार्गदर्शक मीच होते, मी, जसोदाबाई पाटील, सेवानिवृत्त शिक्षिका, आणि त्या कार्यशाळेतून जे काही निष्पन्न झाले त्याला माझाही हात लागलेला आहे. तेव्हा मी जे सांगेन ते ऐकीव नाही, डोळ्यांदेखत घडलेले आहे. ते विसरावे अशी माझी फार इच्छा आहे, पण स्मरणशक्ती शाबूत आहे, त्याला काय करणार…

विषय काय, तर 'दिव्यांग विद्यार्थी आणि परिणामकारक अध्यापन'. नाव एवढे लांबलचक, आणि ज्या विद्यार्थिनीसाठी हे सगळे, ती एकटी: कामिनी. प्रकाशा गावची, केळीवाल्या गुजर घरातली. जन्मापासून ऐकू येत नाही. कानात यंत्र आहे, त्यातून आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाहीत. शब्द ती ओठांवरून वाचते, आणि तुम्हाला सांगते, ओठ वाचायला तिला मी शिकवले आहे, शाळेत, स्वतःच्या तोंडासमोर बसवून, स्वच्छ आणि पूर्ण मराठीत, कारण पुस्तके त्याच मराठीत असतात. बारावी विज्ञान उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. रसायनशास्त्र घेतले. का घेतले? साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची म्हणून. तिथे रसाची तपासणी होते, रंग पाहावा लागतो, माप पाहावे लागते. डोळे लागतात, आणि डोळे तिला दोन माणसांचे आहेत. इतका सरळ विचार त्या पोरीने केला, आणि नेमका तिथेच हेमकांत भेटला.

हेमकांत म्हणजे प्राध्यापक हेमकांत, रसायनशास्त्र विभागप्रमुख. माझाच विद्यार्थी आहे, सांगायला मला आनंद होत नाही. हा मनुष्य वर्गात येतो, खडू उचलतो, वर्गाकडे पाठ करतो आणि तास संपेपर्यंत फळ्याला रसायनशास्त्र शिकवतो. इतकी वर्षे शिकवतो आहे की फळ्याची परीक्षा घेतली असती तर तो प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाला असता. बाकीची मुले पाठीमागून ऐकतात, त्यांचे भागते. कामिनीने कोणाचे ओठ वाचायचे? शर्टाच्या कॉलरचे?

सहामाहीत तिला कमी गुण पडले, आणि लगेच हेमकांतचा निरोप घरी गेला: पोरीला कला शाखेत घाला, तिथे पुस्तक वाचले की झाले. तिची आई अनुसयाबाई डोळ्यांना पदर लावून माझ्या ओट्यावर आली. "बाई, पोरगी जेवत नही. म्हणस, केमिस्ट्री सोडसू तर शिकणंच सोडसू." मी म्हटले, अनुसयाबाई, रडू नका, चूक मुलीची नाही, मी जाऊन सांगते. आणि मी गेले. मागणी एकच होती, वर्गाकडे तोंड करून बोला. त्याला ना पैसा लागतो, ना परवानगी. मान लागते, आणि ती प्रत्येकाला जन्मतःच मिळालेली असते.

पण प्राचार्य हिंमतराव म्हणजे उत्साहाचा धबधबा. वरून तपासणी पथक येणार होते, त्यांना दाखवायला काहीतरी हवेच होते. म्हणाले, "बाई, अहो एकट्या हेमकांतला कशाला सांगता, आपण सगळ्या स्टाफची कार्यशाळाच लावू की. बॅनर लावू, जेवण ठेवू." मी म्हटले, अहो, एका वाक्याचे काम आहे. ते म्हणाले, "तेच वाक्य तुम्ही माईकवर बोला."

बोलले. पण माझी पाळी येईपर्यंत काय काय झाले, विचारा. दीपप्रज्वलन झाले. स्वागतगीत झाले. पाहुण्यांना टॉवेल-टोपी झाली, मला शाल-श्रीफळ झाले, आणि मग हिंमतराव कामिनीला व्यासपीठावर बोलावून तिलाही शाल घालते झाले… कशाबद्दल? ऐकू येत नाही याबद्दल? सूत्रसंचालन करणारा भावेश सर, तरुण पोरगा, वाणिज्य शिकवतो, तो तिच्या कानापाशी वाकून एवढ्या जोराने ओरडला, "का-मि-नी, आ-नं-द झा-ला का?" की मागच्या रांगेत पेंगणारे ग्रंथपाल दचकून उठून उभे राहिले. आणि ओरडताना माईक तोंडासमोर. म्हणजे जिला ओठ पाहायचे तिला दिसला माईक, आणि ज्यांना काही नको होते त्यांचे कान फुटले. नंतर हिंमतरावांचे भाषण: "दिव्यांग म्हणजे ज्याला दिव्य अंग आहे तो…" हे चालले होते, चालले होते, चालतच होते, आणि कामिनी माझ्याकडे पाहून ओठांनीच विचारत होती, 'बाई, सर अजून तेच बोलत आहेत का?' मी ओठांनीच उत्तर दिले, 'हो, तू शाल नीट घे.'

मग जेवण. दाळ-बट्टी, वांग्याची भाजी, आणि तुपाचा तांब्या घेऊन स्वतः हिंमतराव पंगतीत आग्रह करत फिरतात. बट्टीवर तूप ओतल्यावर खानदेशात कोणी कोणाचे ऐकते का? माझे व्याख्यान त्यानंतर ठेवलेले. समोर सारा विद्वानवर्ग, हनुवट्या छातीवर, पंखे घरघरत आहेत… मागणी एकच होती, वर्गाकडे तोंड करून बोला, आणि ती मागणी मी घोरणाऱ्यांपुढे मांडत होते.

तेव्हा मी एक केले. व्याख्यान थांबवले, सरळ उभी राहिले, आवाज पूर्ण बंद केला आणि नुसत्या ओठांनी म्हणाले, 'बाहेर चहा तयार आहे, ज्यांना समजले त्यांनी जाऊन घ्यावा.' कोणी हलले नाही. कामिनी उठली, बाहेर गेली आणि हातात कप घेऊन परत आली. सगळे टक्क जागे. मग मी भिंतीकडे वळले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, 'आता बिस्किटेही आली आहेत.' सारा स्टाफ दाराकडे. कामिनी एकटी जागेवर, चहा पीत, सगळे कुठे निघाले म्हणून पाहते आहे.

मी म्हटले, पाहिलेत? हाच तुमचा वर्ग आहे. बिस्किटे सगळ्यांना मिळाली, तिला मिळाली नाहीत, आणि ती का मिळाली नाहीत हेही तिला कळले नाही.

टाळ्या पडल्या. तुम्हाला सांगते, इतक्या टाळ्या मला निवृत्तीच्या दिवशीही मिळाल्या नव्हत्या. मला वाटले, जिंकले. आणि हेमकांत सर उभे राहिले, गालातली सुपारी दुसऱ्या गालात गेली, म्हणाले, "बाई, तुम्ही तर डोळेच उघडले. ही मुलगी बिनआवाजाचं समजून घेते. मंग हिले आनखी अडचण काय शे?"

घ्या! आता या तर्कापुढे माणसाने डोके कुठे आपटावे?

मी म्हटले, हेमकांत, तोंड दिसले तर समजते. तू तोंड दाखव. तर म्हणतो, "बाई, लिहिताना तोंड फळ्याकडेच असणार ना. मान काय मागून लावू?" मी म्हटले, आधी लिही, मग वळ, मग बोल. "असं केलं तर पोर्शन पुरा होत नाही." मी म्हटले, ज्यांच्यासाठी पोर्शन पुरा करायचा त्यांच्यातली एक रोज उपाशी उठते, तो पोर्शन पुरा झाला असे कसे म्हणतोस? यावर त्याने मान डोलावली, आणि हेमकांतने मान डोलावली की समजावे, त्याला काही पटलेले नाही. शाळेतही असेच करायचा.

अशा वेळी हिंमतरावांना कल्पना सुचली. त्यांना कल्पना सुचते तेव्हा मला धडकी भरते. "अरे, यष्टीच्या डायव्हरचं तोंड पुढे असतं, तरी त्याले मागचे प्याशिंजर दिसतात ना? कसे दिसतात? आरसा! आपण फळ्याच्या वर आरसा लावू. हेमकांत सर फळ्याकडे पाहून बोलतील, पोरीला आरशात तोंड दिसेल. कोणाला वळायचंच काम नाही." पुन्हा टाळ्या. मान वळवायला फुकट होती, पण ती कोणी वळवायची हा प्रश्न होता. आरशाला पैसे लागत होते, म्हणून तो सगळ्यांना सोपा वाटला. मागणी एकच होती, वर्गाकडे तोंड करून बोला, आणि आमच्याकडे तोंड वळवण्याऐवजी भिंत बदलतात.

तरी मी म्हटले, चला, आरसा तर आरसा. मुलीला ओठ दिसल्याशी मतलब.

आरसा कोणी दिला? चुनीलालभाईंनी. संस्थेचे संचालक, मोठे बागायतदार, दिलदार मनुष्य. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर, पाण्याच्या प्रत्येक टाकीवर त्यांच्या घराण्यातील कोणी ना कोणी आहेच. आपल्याकडे दान दिले आणि त्यावर नाव घातले नाही, तर लोक म्हणतात, चोरीचा माल असेल. आरसा आला, चांगला लांबरुंद, फळ्याच्या वर, पुढे कललेला बसवला. नारळ फुटला, फीत कापली. कामिनी पहिल्या बाकावर, कपाळावर कुंकू, हातात वही, चेहऱ्यावर असा आनंद की मलाच भरून आले. हेमकांत सर फळ्याकडे वळले आणि बोलू लागले.

कामिनी पाहते आहे. मान थोडी डावीकडे. थोडी उजवीकडे. मग अर्धी उठून. मग माझ्याकडे वळून तिने विचारले, "बाई, सर काय बोलले?"

मी तिच्या जागेवर जाऊन बसले. वर हेमकांतचे कपाळ दिसत होते. खाली हनुवटी दिसत होती. आणि मध्ये, जिथे तोंड असावे तिथे, लाल ऑइलपेंटने, ठसठशीत अक्षरांत: 'कै. मातोश्री तापीबाई यांच्या स्मरणार्थ, सुपुत्र चुनीलाल यांजकडून सप्रेम भेट.'

पेंटरला विचारले, अरे, आरशाच्या मधोमध कोणी रंगवते का? तो म्हणाला, "बाई, कोपराम्हा लिखं तर कोण वाचई?"

आता नाव खरवडा म्हणावे, तर त्याच वर्गात बैठक बोलवावी लागली. बैठकीत चुनीलालभाई स्वतः हजर. मी अत्यंत सौम्य शब्दांत विनंती केली. त्यांचे डोळेच भरले. "बाई, मन्ही मायनं नाव पुसतस? तिन्ही शाळा कधी पाही नही, मरीसन ती कॉलेजात ऊनी, आन् तुम्ही तिले काढतस?" मेल्यावर का होईना, आई कॉलेजात आली, तिला बाहेर काढा असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? मनुष्य वाईट नाही, हीच तर अडचण आहे. या सगळ्या प्रकरणात एकही मनुष्य वाईट नाही, एक जरी असता तरी त्याच्याशी मला भांडता आले असते. हिंमतराव छताकडे पाहू लागले. भावेश सर म्हणाले, नवीन आरसा पुढच्या वर्षी बघू. आणि हेमकांत सर हळूच म्हणाले, "मी तर आधीच सांगितलं होतं, आर्टला टाका."

कामिनी आईला आणि वर्गमैत्रीण रोशनीला घेऊन बैठकीत बसलेली होती. आर्ट हा शब्द तिला ओठांवर बरोबर कळतो, फार वेळा पाहिलेला आहे. ती उठली. तिचा आवाज थोडा सपाट आहे, पण उच्चार माझ्या हाताखालचे आहेत, म्हणाली, "मी केमिस्ट्री सोडणार नाही." मग वर्गातले स्टूल उचलून फळ्याच्या अगदी कडेला, भिंतीला टेकवून ठेवले आणि त्यावर बसली, फळ्याकडे खांदा करून. म्हणाली, "सर, तुम्ही फळ्याकडे बघा. मला इथून तुमचा एक गाल आणि अर्धे ओठ दिसतात. चालेल मला. बोला."

हेमकांत बोलला. सवयीने फळ्याकडे पाहूनच बोलला. तिने अर्ध्या ओठांवरून वाक्य पुरे म्हणून दाखवले. मी म्हटले, बाळ, पण तिथून तुला फळा कसा दिसेल? फळा तर तुझ्या खांद्याला लागला. ती म्हणाली, "फळा रोशनी उतरवून देईल. बाई, दोन्ही कुठे मिळतात?"

तिने दोन्ही मागायला हवे होते. मी तिला दोन्ही मागायला शिकवले होते. मागणी एकच होती, वर्गाकडे तोंड करून बोला… आणि इतक्या शिकलेल्या माणसांच्या खोलीत ज्या एका व्यक्तीने आपली जागा बदलली, ती कोण, तर जिच्यासाठी सगळ्यांनी बदलायचे होते ती.

तर ठरले ते असे. कामिनी रसायनशास्त्रातच राहील, प्रात्यक्षिकेही करील, तिला कला शाखेत घालण्याचा विषय पुन्हा निघणार नाही. एवढे मात्र मी तिथेच लिहून घेतले. तिची जागा फळ्याच्या कडेला. आरसा आहे तिथे, तापीबाईंसकट. चुनीलालभाईंनी मान्य केले, शिवाय नवीन स्टूल देऊ केले. अनुसयाबाईंनी मान्य केले, हात जोडून. रोशनीने मान्य केले, तिला कोणी विचारले नव्हते तरी. कामिनीने मान्य केले. हेमकांत सरांनी तर सगळ्यांच्या आधी मान्य केले, त्यांना काहीच करायचे नव्हते. सूचक हिंमतराव. अनुमोदक लागतो म्हणून सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि मुलीचे वर्ष वाचत होते… मी सही केली. आता तपासणी पथक आले की हिंमतराव त्यांना तो वर्ग दाखवतात आणि सांगतात, "हे सगळं आमच्या बाईंच्या मार्गदर्शनाखाली झालं."