पंखा कोण ओढणार?

कल्याणच्या धक्क्यावर आम्ही होडीसाठी ताटकळलो होतो. माझ्या मागे म्युनिसिपालटीतून काढलेला, छताचा पंखा दोराने ओढणारा पंखेवाला महिपत आणि त्याची बायको रंगूबाई उभी होती.

"अवो, आज सभेत मेंबर तुमचा अर्ज ऐकणार होते ना? मग तिथनं निघून का आलात?"

"ऐकायला बसले आन् म्हणाले, महिपत, उकाडा फार आहे, जरा पंखा ओढ."

"तुमच्याच तक्रारीला?"

"माझ्याच. दुसरा माणूस अजून ठेवला नाही म्हणे."

"मग ओढायचा होता. साहेब खूश झाले असते."

"कुजका दोर तुटून पंखा टेबलावर पडला, म्हणून मला काढला. नवा दोर द्या म्हणून मी वर्षभर घसा फोडला, तर त्यांनी दोराऐवजी भिंतीवर लावायला नवं घड्याळ आणलं! आन् आता तोच दोर गाठ मारून माझ्या हातात देतात? मी म्हटलं, ज्याला उकडतंय त्यानं ओढावा."

"अगबाई! भर सभेत?"

"भर सभेत. मग म्हणाले, या उकाड्यात तक्रार ऐकवत नाही, पुढच्या महिन्यात बघू."

"आन् उठले?"

"छे! मेंबरांच्या नव्या खुर्च्यांचं ठरवत बसलेत."

"अजून?"

"दिवेलागणीपर्यंत हलायचे नाहीत."

"मग होडीत काय चढताय? चला माघारी. खुर्च्यांचं बोलताना उकडत नाही ना त्यांना? तुमचा अर्ज ऐकल्याबिगर दारातून एकालाबी बाहेर पडू देत नाही मी."