काजळीच्या वाट्याची पावडर

(लिंबागणेशजवळची चारा छावणी. दूध संस्थेच्या पशुवैद्य फरीदा एका बसलेल्या गाईपाशी. शेजारी गाईचा मालक शहादेव आणि त्याची बायको भिवराबाई.)

शहादेव : उन्हानं भुरकी झाली हो काजळी. छावणीत सावली कुठंय?

फरीदा : ऊन तर तुमच्या शेजारच्या दोघी गाईंनाही लागलं, शहादेवभाऊ. त्या कशा काळ्याभोर राहिल्या?

शहादेव : त्या दुभत्या हायेत.

भिवराबाई : ही भाकड व्हती, पोटुशी. काल व्याली, तवापासून उठंना.

फरीदा : संस्थेनं क्षारांची पावडर दिली होती, दर जनावराची वेगळी. हिला चारली का?

भिवराबाई : सांगा की. माझ्याकडं काय बघता?

शहादेव : हिची बी त्या दोघींच्या पेंडीत घातली. दुधाला फॅट चांगली लागती म्हून. समदी छावणी तसंच करती. भाकड जनावर नुसत्या उसाच्या वाढ्यावर निघतंय, असं आमचा बाप बी म्हणायचा.

भिवराबाई : दुभत्या गाईच्या लाथा बी गोड. मी म्हणले व्हते, दोन जिवाची हाय, तिला बी द्या. तर म्हणले, तुला लई कळतंय.

फरीदा : उसाच्या वाढ्यात, म्हणजे नुसत्या शेंड्याच्या पाल्यात, तांबं फार कमी असतं. पावडरीतून चिमूटभर जायचं, तेही थांबलं. तांबं कमी पडलं की केसांचा रंग उडतो, ते दिसतं तरी. आत कोलेस्टेरॉलचा मेळ बिघडतो, काळजात, म्हणजे यकृतात, चरबी साठत जाते, ते कुणाला दिसत नाही. त्यात व्याल्यावर हिचं खाणं सुटलं, अंगावरची चरबीही काळजातच उतरली. ते आता काम करीना.

शहादेव : मग तांब्याचं इंजेक्शन द्या. सलाईन वाढवा.

फरीदा : जे देण्यासारखं होतं ते दिलंय. खोटी आशा नाही लावत, भाऊ. उशीर झालाय.

शहादेव : म्हंजी मीच मारली म्हणा की.

फरीदा : मी तसं म्हणणार नाही. पण पलीकडच्या दावणीला अजून भाकड गाई उभ्या आहेत, त्यांच्याही केसांचा रंग उडायला लागलाय. आजपासून पावडर मिळाली तर सावरतील. मी त्यांच्या मालकांना सांगितलं, कुणी ऐकलं नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकतील.

शहादेव : काय सांगू? माझी गाय येऊन बघा म्हणून?

फरीदा : हो. तेवढंच.

शहादेव : लई जड हाय हे, बाई.

भिवराबाई : जावा तुमी. दूध आटल्यापासून हिच्यापाशी कुणी बसलं न्हाई. मी बसते.