कालच्या गाठी

कोळगावची जमुना पायाची पट्टी बदलून घ्यायला पालघरच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी मुरबे गावचं कोळी जोडपं. शिंगाळा माशाचा काटा लागून नवऱ्याचा उजवा हात सडायला आला होता. चिरफाड होऊन वर्ष सरत आलं, तरी हात पंच्याखाली झाकलेलाच.

“आज डाक्टरला इचारा, होडीवर कवा जायाचं.”

“जालं सांधताना गाठ बसत नाय माजी. होडीवर जाऊन काय करू?”

“बसते की! मी बघते ना.”

“नलू, मना येडा समजतेस? सांजेला सैल सोडलेली गाठ सकाळी घट्ट कशी व्हते?”

“तुमाला ठावं व्हतं?”

“पयल्या दिसापासनं.”

“मग बोलला का नाय?”

“तुला बरं वाटत व्हतं. पन कालच्या, आयशीकडं जायच्या आदी, लय आवळल्यास. सकाळी ओढून बघितल्या, हलनात.”

“कालच्या? काल मी जाल्याला हातच न लावता सातपाटीला आयशीकडं गेले. सकाळी तिथनंच इथं आले ना?”

जमुनानं नकळत पंच्याकडं पाहिलं.

“मुरब्याचा नवशा कोण?” कंपाउंडरनं दारातून विचारलं.

पंचा जमुनाच्या पायाशी पडला. नवशानं उजवा हात वर केला होता.